आधी विहीर बघा

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे, आणि त्याआधी मी चाळीस मेंढ्या होतो. ही बढती म्हणावी की शिक्षा, हे मला आठशे वर्षांत ठरवता आलेलं नाही. मेंढी असताना मी गवत खायचो. ग्रंथ झाल्यावर उंदरांनी मला खाल्लं.

माझा जन्म दूर युरोपात, एका थंड गावातल्या ख्रिस्ती मठात झाला. तिथं तेव्हा कागद मिळत नसे. मेंढीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं, सुरीनं खरवडायचं आणि वाळवायचं. एका मेंढीचा एक मोठा ताव निघे. असे चाळीस ताव दुमडून, शिवून मला तयार केलं. माझ्यावर चर्चचा कायदा लिहिला गेला. धर्मगुरूनं शिकारीला जावं का, मावसभावाच्या मेहुणीशी लग्न चालेल का, देवापुढचा प्रसाद उंदरानं खाल्ला तर पाप उंदराला की दार उघडं ठेवणाऱ्याला, असले प्रश्न. पानाच्या मधोमध कायदा, चार ओळींचा. त्याच्या चारी बाजूंनी त्याचा अर्थ सांगणारं भाष्य, चाळीस ओळींचं. लग्नात नवरा-नवरी दोघंच असतात आणि भोवती मानपान काढणारे दोनशे, तसंच हे.

भाष्य लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव कुठंही घातलं नाही. तो नम्र होता असं पुढच्या विद्वानांनी ठरवलं. तो नम्र नव्हता, घाबरलेला होता. मला माहीत आहे, कारण त्याची सुरी माझ्या अंगावरून फिरली आहे.

माझ्या एकतिसाव्या तावावर कायदा असा होता की, ज्या तक्रारीखाली नाव नाही ती ऐकू नये. त्याच्या शेजारी तो भाष्य लिहायला बसला. लिहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि खरवडून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खरवडलं. असं चार वेळा झालं. खरवडलेला भाग वेगळा दिसू नये म्हणून बिचारा अख्खा ताव घासत बसे. एकतिसावी मेंढी अंगानं दणकट होती, पण तिचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालं. पाचव्यांदा मात्र त्यानं लिहिलेलं राहू दिलं. “विहिरीचा कठडा मोडला आहे असं कोणी कळवलं, तर आधी विहीर बघा. नाव नंतर विचारा.”

मठाच्या अंगणात खरोखरच एक विहीर होती आणि तिचा कठडा मोडलेला होता. मठाधिपतींना तो दिसत नसे, कारण त्यांच्या खोलीत पाणी भरलेलंच येई.

दीड महिन्यानं त्या ओळीखाली दुसऱ्याच कोणीतरी वेगळ्या शाईत, घाईघाईनं एक ओळ लिहिली. “विहीर बघितली. उशीर झाला.”

उरलेले नऊ ताव दुसऱ्या माणसानं पुरे केले. पहिल्याचं अक्षर माझ्यावर पुन्हा उमटलं नाही.

माझ्यावरून तीन नकला झाल्या. त्यांना माझी भावंडं म्हणा. एक आगीत गेलं. दुसरं एका पुस्तक बांधणाऱ्यानं फाडून दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यात भरलं. तिसरं एका संग्रहालयात काचेच्या पेटीत सुखात आहे आणि पन्नास वर्षं उंदराच्या पापाचं एकच पान उघडून लोकांना दाखवतं आहे. त्या तिसऱ्यात विहिरीची ओळ नाही. नक्कल करणारा सावध होता, त्यानं ती गाळली. म्हणजे ही ओळ जगात एकट्या माझ्याजवळ उरली.

पहिली चाळीस वर्षं माझा मान मोठा होता. न्यायाला बसताना मला दोघं मिळून उचलून आणत. मग नवे कायदे आले, छापखाने आले, आणि माझा उपयोग पायाखाली घेऊन वरच्या फळीवरचं सामान काढण्याकडे होऊ लागला. त्याबद्दल मी तक्रार केली नाही. केली असती तरी तिच्याखाली नाव कुणाचं घालणार होतो? अशी शतकं गेली. शेवटी ती इमारत विकली गेली आणि मी जुन्या हिशेबवह्या, वर्तमानपत्रं, खोकी यांच्याबरोबर रद्दीत गेलो. तिकडच्या लोकांचं निसर्गावर फार प्रेम. ते आपली रद्दी मन लावून गोळा करतात, तारेनं घट्ट बांधतात आणि जहाजात भरून आपल्याकडे पाठवतात.

असा मी खालापूर तालुक्यातल्या एका कागद गिरणीत येऊन पडलो.

गिरणीचं नाव सांगत नाही. मी निनावी माणसाच्या हातचा आहे, संस्कार जात नाहीत. चौक गावच्या ढाब्यांवरून पुढं आलं की तिचं धुरांडं दिसतं. आत एक लांबलचक गोदाम. त्यात जमिनीवर बसून बायका रद्दी निवडतात. कागद एकीकडे, तार, प्लास्टिक, चिंध्या, चामडं दुसरीकडे. गोदामाच्या टोकाला उंच फलाट आणि त्याच्या कडेखाली पल्पर. पल्पर म्हणजे विहिरीएवढा लोखंडी हौद. त्याच्या तळाला पाती फिरत असतात. फलाटावरून रद्दीचे गठ्ठे आत ढकलायचे, चार मिनिटांत त्यांची लापशी होते. दिवसभर त्याची घुरघुर चालू असते. जेवण झाल्यावर माणूस समाधानानं घुरघुरतो तशी, फक्त याचं जेवण कधी संपत नाही.

रोहिणीच्या हातात मी आलो तेव्हा डिसेंबर होता. रोहिणी डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. दहावीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा दत्ता त्याच गिरणीत, वर फलाटावर, गठ्ठे ढकलण्याच्या कामावर. निवडणाऱ्या बायकांची एक परीक्षा असते. ओळखू न येणाऱ्या पानाचा कोपरा थुंकी लावून दोन बोटांत चोळायचा. कागद असेल तर फाटतो. मी फाटलो नाही. रोहिणीनं मला नाकाशी नेलं आणि शेजारच्या कोंडीकडे सरकवलं. कोंडी वयानं सगळ्यांत मोठी, जीभ तिखट. तिनं वास घेतला आणि सांगितलं की हे बकरं हाय, पण फार दिसांमागं मेलेलं हाय. मी मेंढी होतो हे तिला सांगायची सोय नव्हती.

मला चामड्याच्या ढिगावर फेकलं. तो ढीग तीन-चार महिन्यांतून एकदा बॉयलरमध्ये जातो. म्हणजे उजवीकडे पाणी, डावीकडे आग, आणि मधे मी. भाषा मी तिथंच शिकलो. आठ बायका दिवसाचे आठ तास बोलत असतील तर कोणताही ग्रंथ महिन्याभरात मराठी शिकेल.

ढिगावरून फलाट समोर दिसायचा. पहिल्याच दिवशी मला त्याच्या कठड्यात फट दिसली.

दिवाळीत नवी मोटर वर चढवायची होती, म्हणून कठड्याचे पाइप गॅसनं कापले होते. मोटर चढली. पाइप परत जोडायचे राहिले. सुपरवायझर जगदीश, जवळच्याच गावातला शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावानं वाईट नव्हता. तो विचारणाऱ्याला सांगायचा की वेल्डर सोमवारी येतोय. कोणत्या सोमवारी ते वेल्डरवर सोपवलं होतं. तोवर फटीत एक निळी नायलॉनची दोरी बांधली होती. दत्ता दिवसभर त्या दोरीकडे पाठ करून थप्पीवरचे गठ्ठे खाली ओढायचा.

मित्रांनो, माझ्या अंगातला एकतिसावा ताव तेव्हापासून थंड पडत गेला.

जानेवारीत रोहिणीनं अर्ज लिहिला. जेवणाच्या सुट्टीत, वहीच्या पानावर. फलाटाचा कठडा तुटला आहे, माणूस पडेल, कृपया बसवून द्यावा. तीन ओळी. खाली सही करायला ती वाकली तेव्हा कोंडीनं तिचं मनगट धरलं.

“तुजा माणूस वर, तू खाली. दोगंबी ठेकेदाराची माणसं. एकीच्या सहीनं चूल कोणाची इजंल, सांग.”

“मग न सही करता टाकू?”

“टाक. पन पेटीवर काय लिवलंय ते वाच आदी.”

सूचना पेटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं की निनावी अर्जांची दखल घेतली जाणार नाही. आठशे वर्षं, सात समुद्र, वेगळी लिपी, वेगळा देव, आणि वाक्य तेच. मला एखादा जुना शेजारी भेटल्यासारखं वाटलं, आणि तो शेजारी मला कधीच आवडला नव्हता.

रोहिणीनं अर्ज सही न करता पेटीत टाकला. नंतर बरेच दिवस ती येता-जाता पेटीकडे बघायची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑफिसची साफसफाई झाली. जुने कागद गोदामात आले, कारण कागद शेवटी कागदच. ढिगातून रोहिणीच्या हातात वहीचं एक पान आलं. तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं. अक्षर तिचंच होतं. चोळून बघायची गरज नव्हती. तिनं ते घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि पुढची रद्दी ओढून घेतली.

त्याच आठवड्यात ढीग बॉयलरकडे निघाला. गाडीवर टाकायच्या आधी रोहिणीनं मला उचललं. निवडलेल्यातलं चामडं, गोणपाट घरी न्यायला बायकांना मुभा होती. गेटवर वॉचमननं पिशवी उघडून बघितली, मला पालथं केलं आणि विचारलं की हे काय. ती म्हणाली, सासऱ्याच्या डफाला.

तिचा सासरा वाघ्याबाबा डफ बांधायचा. वाडीतले डफ त्याचे, कशेळ्याच्या बाजारात विकायला जायचे तेही त्याचेच. त्यानं माझी शिवण उसवली, ताव एकेक करून उन्हाकडे धरले, टिचक्या मारल्या. एकतिसाव्यावर थांबला. पुन्हा टिचकी मारली. मग कान लावला.

“ह्ये कोनी घासलंय गं? येवढं कोन घासतं?” एवढंच तो म्हणाला.

त्यानं मला भिजवलं. शाई थोडी पसरली, पण गेली नाही. त्या लोकांची शाई मरत नाही. मग मला लाकडी कड्यावर ताणलं आणि कडेनं जास्तीचं कापून टाकलं. मला वाटलं आता आपली ओळ गेली. पण ती बरोबर मध्याच्या थोडी वर राहिली, आणि तिच्याखालची दुसरी, घाईतली ओळही. बाकीचे एकोणचाळीस ताव त्यानं पत्र्याच्या पेटीत, वेखंड घालून ठेवले. इतकं नीट मला कोणी कधी ठेवलं नव्हतं.

वाडीतला एक रिवाज मला तिथं कळला. गोठ्यात बिबट्या शिरला, गवताला आग लागली, की डफावर एक चाल वाजते. दोन जड, एक हलका, पुन्हा दोन जड. ती ऐकली की हातातलं टाकून सगळ्यांनी मोकळ्यावर यायचं. भाकरी तव्यावर राहिली तर राहू दे. वाजवलं कोणी, कशाला, हे सगळे बाहेर आल्यावर विचारायचं. बिबट्या नसलाच तर हसून घरी जायचं, पण वाजवणाऱ्याला बोल लावायचा नाही. माझ्या माणसानं पाच वेळा लिहिलेलं या वाडीला न लिहिताच येत होतं.

मार्चमध्ये गिरणीत सुरक्षा सप्ताह आला. प्रमुख पाहुणे यायचे होते. स्वागताला काहीतरी पारंपरिक हवं म्हणून जगदीशनं वाघ्याबाबाला डफ घेऊन बोलावलं. अशा रीतीनं मी त्याच फाटकातून पुन्हा आत गेलो. या वेळी वॉचमननं मला नमस्कार केला.

गोदामाचं शटर उघडं ठेवून समोरच्या अंगणात मांडव घातला होता. खुर्च्या, हार, समई. मांडवावर मोठा कापडी फलक होता, ‘सुरक्षा प्रथम’. सगळे कामगार खाली बसले होते. पल्पर मात्र चालू होता, कारण त्याला सप्ताह नसतो. त्यासाठी दत्ताला एकट्याला वर ठेवलं होतं.

पाहुण्यांनी समई लावली आणि बोलायला उभे राहिले. सुरक्षा ही बाहेरून येत नसते, ती माणसाच्या आतून यावी लागते, असा त्यांचा मुद्दा होता. वाघ्याबाबानं मला मांडीवर उन्हात धरलं होतं, कातडं तापून ताणलं जावं म्हणून. मी आभाळाकडे तोंड करून होतो. त्यामुळे मला फलक नीट दिसत होता, आणि तो कशानं बांधला आहे तेही.

निळ्या नायलॉनच्या दोरीनं.

रोहिणीलाही त्याच क्षणी दिसलं असावं. तिनं फलकाकडे बघितलं आणि मग हळूच मान वळवून फलाटाकडे. दत्ता फटीकडे पाठ करून थप्पीवरचा गठ्ठा ओढत होता. त्याच्या टाचांमागं दीड हातावर काहीच नव्हतं. ती वाकून जगदीशकडे गेली.

“जगदीशभाऊ, वरची दोरी कुठंय?”

जगदीशनं वर फलकाकडे बघितलं. मांडव त्यानंच बांधून घेतला होता, सकाळी दोरी कमी पडली तेव्हा “असेल तिथून आणा” असं त्यानंच सांगितलं होतं. त्यानं पाहुण्यांकडे बघितलं, पाहुण्यांच्या शेजारच्या मालकांकडे बघितलं.

“पाच मिनिटं. भाषण होऊ दे.”

पाच मिनिटं म्हणजे किती, हे मला मठातल्या दीड महिन्यावरून माहीत होतं. रोहिणी परत येऊन सासऱ्याशेजारी बसली. तिचा श्वास माझ्या कातड्यावर पडत होता.

“मामा, वर दोरी नाय. हाक मारली तर मशिनीत ऐकू जायाची नाय. आन् गेलीच, दचकून मागं सरले तर.”

वाघ्याबाबानं मान वर करून फलाटाकडे बघितलं. भाषण संपत आलं होतं. जगदीशनं त्याला खूण केली की टाळ्या पडल्या की वाजवा, स्वागताचं, आनंदी. टाळ्या पडल्या. वाघ्याबाबा उभा राहिला आणि वाजवू लागला.

दोन जड, एक हलका. पुन्हा दोन जड.

जाड कातड्याचा ढोल असता तर त्याचा आवाज पल्परच्या घुरघुरीत बुडाला असता. पातळ कातड्याचा आवाज वर चढतो. एका घाबरलेल्या माणसानं चार वेळा खरवडल्यामुळे माझा आवाज त्या यंत्राच्या डोक्यावरून पलीकडे गेला. आठशे वर्षांत मला कोणी मोठ्यानं वाचलं नव्हतं, मित्रांनो. पहिल्यांदा वाचलं ते असं.

अर्धे कामगार वाड्यांवरचे. ते ताडकन उठले. चहाचे पेले लवंडले. वर दत्ताचे हात थांबले. तो दचकला नाही, वळूनही बघितलं नाही. लहानपणापासून त्या चालीवर पाय आपोआप मोकळ्याकडे निघतात, तसे ते निघाले. गठ्ठा तसाच अर्धवट सोडून तो बाजूच्या जिन्यानं खाली येऊ लागला. तीन पायऱ्या उतरला असेल. अर्धवट ओढलेला गठ्ठा थप्पीवरून सुटला, दत्ता उभा होता त्या जागेवर आदळला, आणि फटीतून सरळ आत गेला.

पल्परचा आवाज बदललासुद्धा नाही.

दत्ता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि आपल्या टाचा चाचपत राहिला. मालक उठले. आता ते फलाटाकडे जातील असं मला वाटलं. ते मांडवाकडे वळले आणि त्यांनी विचारलं की स्वागताच्या जागी हे कोणी वाजवायला सांगितलं.

रोहिणी उठायला लागली. वाघ्याबाबानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि मला पुढं केलं.

“सायेब, ह्याच्यावरच लिवलंय. वाचा.”

पाहुण्यांनी चष्मा लावला. माझ्यावरची ओळ बघितली, तिच्याखालची बघितली. त्यांना ती भाषा येत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण इतक्या लोकांसमोर आपल्याला वाचता येत नाही असं कोणता प्रमुख पाहुणा म्हणेल? त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि मालकांना म्हणाले, बरोबर आहे, इथं तसंच लिहिलं आहे.

आठशे वर्षांत माझा इतका अचूक अर्थ कोणत्याही विद्वानानं लावलेला नाही.

पुढं काय झालं म्हणाल, तर वेल्डर त्याच आठवड्यात आला, आणि तोसुद्धा गुरुवारी. नवा कठडा बसला, त्याला पिवळा रंग लागला. पाइप हातभर कमी पडला. तेवढ्या हातभर जागेत निळी दोरी बांधली आहे. फलकाच्या वेळी ती कापली होती, म्हणून तिला मधे आता एक गाठ आहे. उरलेला पाइप सोमवारी येतोय.

रोहिणीनं जुन्या अर्जाची घडी उलगडली. त्या तीन ओळींखाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. कोंडीनं पान ओढून घेतलं, वाचता येत नसताना नीट न्याहाळलं आणि शाई लावून त्याखाली अंगठा उठवला. मग बाकीच्या सहाजणींनी. अर्ज पुन्हा पेटीत पडला. आता रोज रद्दी निवडताना रोहिणी वहीचं पान हाताला लागतं का ते बघत असते. अजून लागलेलं नाही. पेटीची किल्ली ऑफिसात आहे.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूंनी जपणुकीबद्दल चार शब्द सांगायचे असतात. मला काचेची पेटी नको. उन्हात ठेवा, वाजवा, फाटलो तर शिवा. फक्त कोणी येऊन सांगितलं की कठडा मोडलाय, तर त्याचं नाव-गाव विचारत बसू नका. आधी विहीर बघा.

नाही बघितलीत तरी माझी हरकत नाही. परवा वाघ्याबाबानं पत्र्याची पेटी उघडली, बत्तिसावा ताव उन्हाकडे धरला आणि त्यावर टिचकी मारली. शेजारच्या वाडीतून डफाला मागणी आली आहे म्हणे. तिथली पोरंही कुठल्याशा कारखान्यात कामाला जातात. एक मेंढी वाजून झाली. एकोणचाळीस अजून पेटीत आहेत.